पाणी जातं कुठे? हूटगळ्ळीच्या उतारावरचा वर्ग



मी म्हैसूरहून बोलतोय. मूळचा सांगली जिल्ह्यातला, पण गेली बरीच वर्षं इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पर्यावरण अभियांत्रिकी शिकवतो. विद्यार्थ्यांना वर्गाबाहेर काढून, जवळच्या पाणलोटात हिंडवून हा विषय शिकवता येतो का आणि त्यातून नेमकं काय हाती लागतं, एवढ्याबद्दलच आज बोलणार आहे.

सत्राच्या पहिल्या तासाला मी एक प्रश्न विचारतो. तुम्ही राहता तिथे पाणी कुठून येतं? बहुतेकांना सांगता येतं. कावेरीचं, कबिनीचं, बोअरचं, टँकरचं. मग विचारतो, जातं कुठे? मोरीतून गटारात, एवढं सगळे सांगतात. गटारातून पुढे? तिथे वर्ग गप्प होतो. हीच मुलं चार वर्षांनी सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं डिझाइन करणार असतात. टाकीची लांबी, रुंदी, खोली त्यांना काढता येईल. पण त्या टाकीत येणारं पाणी कोणाच्या घरातून निघालं, कोणत्या उतारावरून आलं आणि बाहेर पडल्यावर कोणाच्या विहिरीशेजारून जाणार, हे त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नसतं.

म्हणून मी त्यांना हूटगळ्ळीला नेतो.

हूटगळ्ळी म्हैसूरच्या वायव्येला, हुणसूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग २७५ वर आहे. नावातलं 'गळ्ळी' म्हणजे मूळचं 'हळ्ळी', खेडं. गाव जुनं, पण आता त्याला औद्योगिक वसाहत चिकटली आहे, हाउसिंग बोर्डाची कॉलनी आहे, नवे लेआउट आहेत. २०२० साली आसपासच्या वस्त्यांसह इथे नगरसभा झाली. या पट्ट्यात तळीही आहेत: हूटगळ्ळी, हिनकल, हेब्बाळ, बोगादी. म्हणजे शेतीचं गाव, कारखाने, मध्यमवर्गीय वसाहती आणि तळी, सगळं पायी फिरता येईल इतक्या अंतरात. पुण्याभोवतीची हिंजवडी, नाशिकची सातपूर-अंबड, कोल्हापूरची शिरोली ज्यांना माहीत आहे, त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. नावं बदलतात, गोष्ट तीच.

आता म्हैसूरची एक गंमत सांगतो. हे शहर जलविभाजकावर वसलेलं आहे. पाणलोट म्हणजे ज्या जमिनीवर पडलेलं पाणी शेवटी एकाच वाटेने बाहेर पडतं तेवढा भाग, आणि दोन पाणलोटांमधला उंचवटा म्हणजे जलविभाजक. म्हैसूरच्या उत्तरेकडच्या उतारावरचं पाणी कावेरीकडे जातं, दक्षिणेकडच्या उतारावरचं कबिनीकडे. शहराची मोठी सांडपाणी केंद्रंही त्याच हिशोबाने बसली आहेत. एक उत्तरेला केसरे इथे, दोन दक्षिणेच्या बाजूला विद्यारण्यपुरम आणि रायनकेरे इथे. पुढे तिरुमकूडलु नरसीपूरला कबिनी कावेरीला मिळते. त्यामुळे म्हैसूरकरांचं सांडपाणी कुठूनही निघालं तरी शेवटी भेटतं.

पहिल्या फेरीत मी फक्त चालायला लावतो. हातात भूमापन विभागाचा नकाशा, फोनमधला उपग्रह नकाशा आणि पाण्याची बाटली. काम एकच. हे गटार, हा ओढा कुठल्या बाजूला वाहतो, ते प्रत्येक वळणावर बाणाने दाखवायचं. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात अर्ध्या तासात भांडणं सुरू होतात. नकाशावरची समोच्च रेषा एक सांगते, रस्ता बांधताना घातलेला भराव दुसरंच करतो. जुना ओढा लेआउटच्या भिंतीपाशी गायब होतो आणि पलीकडे पाइपातून उगवतो. कुठे पावसाच्या गटाराला कोणीतरी घरचं सांडपाणी जोडलेलं असतं. संध्याकाळी सगळ्या गटांचे बाण एका मोठ्या कागदावर आणले की जे उभं राहतं ते या वस्तीचं खरं पाणलोट. ते कोणत्याही पुस्तकात छापलेलं नसतं.

या फेरीत मुलांना काही शब्द शिकावे लागतात, आणि ते इंग्रजी नसतात. तळ्याला इथे 'केरे' म्हणतात. तळं भरलं की जादा पाणी जिथून बाहेर पडतं ती 'कोडी', आपला सांडवा. शेताला पाणी सोडायचं दार म्हणजे 'तूबु'. एका तळ्यातून दुसऱ्याकडे पाणी नेणारा मोठा नाला 'राजकालुवे'. आणि कोणाच्या शेताला किती वेळ पाणी द्यायचं हे ठरवणारा माणूस 'नीरुगंटी'. धुळ्याकडच्या फड पद्धतीत जो पाटकरी असतो, त्याचा हा दक्षिणेतला भाऊ. जुन्या म्हैसूर प्रांतात तळी एकटीदुकटी नसतात, साखळीत असतात. वरच्याची कोडी खालच्याचा झरा. म्हणून वरच्या तळ्यात जे मिसळलं जातं ते खालच्याला मिळतं, आणि वरच्याचा कालवा कोणी बुजवला की खालचं कोरडं पडतं. 'सिस्टिम' हा शब्द आम्ही वर्गात दहादा वापरतो. कोडीवर उभं राहिलं की तो एकदाच सांगावा लागतो.

याच शहरात त्याचं एक मोठं उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिवाण पूर्णय्यांनी कावेरीचं पाणी म्हैसुरात आणण्यासाठी कालवा खणवला. ते काम ठरलं तसं तडीस गेलं नाही. पण तो कालवा वाटेतल्या उतारांवरचं पावसाचं पाणी गोळा करत राहिला. १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या काळात झालेल्या कुक्करहळ्ळी तळ्याला त्याचं पाणी मिळायचं. पुढे कालव्याच्या वाटेवर वसाहती उठल्या, आणि तळ्याचं पोट भरणारी वाट अरुंद होत गेली. तळ्याभोवती आज सुंदर पायवाट आहे. पण तळ्याचं आरोग्य ठरतं ते पायवाटेवरून दिसत नाही अशा, दूर वरच्या उतारावर. मी मुलांना सांगतो, तळं बघायचं असेल तर आधी त्याच्याकडे पाठ करून उभे राहा.

दुसरी फेरी मोजण्याची. साहित्य: टेप, स्टॉपवॉच, काठी आणि एक संत्रं. संत्रं अशासाठी की ते बरंचसं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही, आणि रंगामुळे लांबून दिसतं. कोरड्या ऋतूत, आठ-दहा दिवस पाऊस झालेला नसताना, पावसाच्या गटारापाशी जायचं. खरं तर ते कोरडं असायला हवं. पण ते वाहत असतं.

एक नमुन्याचं गणित तुम्हाला करून दाखवतो. समजा गटारातल्या पाण्याची रुंदी ६० सेंटिमीटर आणि खोली १० सेंटिमीटर आहे. संत्र्याला १० मीटर जायला २५ सेकंद लागले. म्हणजे पृष्ठभागावरचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. तळाशी आणि कडेला पाणी हळू असतं, म्हणून याला साधारण ०.८५ ने गुणायचं. वेग झाला ०.३४. त्याला ०.०६ चौरस मीटर छेदाने गुणलं की सेकंदाला सुमारे २० लिटर येतात. दिवसाचे झाले साडेसतरा लाख लिटर. आता डिझाइनच्या हिशोबात माणशी दिवसाला १३५ लिटर पुरवठा धरतात आणि त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं मानतात, म्हणजे १०८ लिटर. भागाकार करा. सोळा हजारांहून जास्त माणसं! जे गटार पावसासाठी बांधलं, त्यातून पाऊस नसताना सोळा हजार माणसांचं सांडपाणी वाहतंय, असा या गणिताचा अर्थ होतो.

इथे थांबायचं नसतं. लगेच कोणीतरी विचारतं, आणि विचारलंच पाहिजे: सर, हे तर सकाळी आठ वाजता मोजलं. दुपारी दोनला एवढं असेल का? नसेल. सकाळी अंघोळी, कपडे, भांडी, दुपारी ओहोटी. मग एका मापाला चोवीस तासांनी गुणणं चूक. म्हणून गट पाळ्या लावतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत दर दोन तासांनी मोजतात आणि आलेख काढतात. तो आलेख म्हणजे वस्तीची दिनचर्या असते. आता 'पीक फॅक्टर' ही संज्ञा पाठ करायची गरज उरत नाही. शिवाय सोळा हजार माणसं वरच्या उतारावर राहतात तरी का, हे मोजून पाहावं लागतं. राहत नसतील, तर उरलेलं पाणी कुठून आलं? फुटलेली पाण्याची लाइन? एखादा कारखाना? जमिनीतून झिरपणारं पाणी? एका संत्र्यातून एवढे प्रश्न निघतात.

पावसाचंही तसंच. एक हेक्टर जमिनीवर २५ मिलिमीटर पाऊस पडला तर अडीच लाख लिटर पाणी होतं. ती जमीन शेताची असेल आणि त्यातलं ३० टक्के वाहून गेलं, असं धरलं तर पाऊण लाख लिटर. तिथे छपरं, काँक्रीट, पार्किंग आलं आणि ८५ टक्के वाहून गेलं, तर सव्वादोन लाखांच्या जवळ. तेवढंच आभाळ, तेवढीच जमीन, पण खालच्या गटाराकडे जवळजवळ तिप्पट पाणी. म्हैसुरात वर्षाला साधारण ८०० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो आपल्याकडच्यासारखा जून-जुलैत कोसळत नाही. मे महिन्यात वळवाचा एक जोर, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दुसरा. नेमका मे महिना हा परीक्षांचा. त्यामुळे पावसाचं वेळापत्रक आणि विद्यापीठाचं वेळापत्रक यांची सांगड घालणं हीच आमची पहिली अभियांत्रिकी समस्या असते.

तिसरी फेरी पहाटेची. ही मुलांना आवडत नाही आणि हीच त्यांच्या सगळ्यात जास्त लक्षात राहते. तळ्यातल्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती आहे ते मोजायचं असतं. हिरवंगार झालेलं, शेवाळाने भरलेलं तळं घ्या. कॉलेजची बस नऊला निघते, जेवण होतं, दुपारी तीनला नमुना घेतला जातो. तेव्हा शेवाळ उन्हात जोरात ऑक्सिजन सोडत असतं. आकडा उत्तम येतो, कधी कधी संपृक्ततेच्याही वर. अहवालात 'तळ्याची स्थिती समाधानकारक' असं लिहून मोकळं. पण रात्रभर ऊन नसतं. तेच शेवाळ, जिवाणू, मासे सगळे ऑक्सिजन खात असतात. पहाटे सहाला त्याच जागी आकडा अगदी तळाला गेलेला असू शकतो. मासे मरतात ते पहाटे.

याची चाचणी काठावर बसूनच सुरू करावी लागते. बाटली बुडबुडा न येऊ देता भरायची, मँगनीज सल्फेट घालायचं, मग अल्कली-आयोडाइडचं द्रावण. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढरा. दोन बाटल्या शेजारी ठेवल्या की यंत्राची गरज नाही, कोणालाही कळतं. एकदा पहाटे तळ्यावर फिरायला आलेले दोन आजोबा थांबून बघत राहिले. मुलींनी त्यांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगितलं, पांढरं म्हणजे तळ्याला धाप लागली आहे. माझ्या व्याख्यानात मी इतकं सोपं कधी सांगितलं नव्हतं.

इथेच पुस्तक आणि जागा यांतला फरकही कळतो. २५ अंश तापमानाला पाण्यात जास्तीत जास्त सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, असं कोष्टक सांगतं. पण ते कोष्टक समुद्रसपाटीचं. म्हैसूर सुमारे ७७० मीटर उंचीवर आहे, इथे हवेचा दाब कमी, त्यामुळे तो आकडा साडेसातच्या आसपास येतो. तसंच बीओडीचं. परदेशी पुस्तकं ही चाचणी २० अंशांवर ५ दिवस करायला सांगतात. भारतीय मानकाने आपल्या हवामानाचा विचार करून २७ अंशांवर ३ दिवस ठरवले. सोमवारी नमुना घेतला तर गुरुवारी निकाल. आकड्याला पत्ता असतो. कोणत्या उंचीवर, किती वाजता, किती दिवसांनी, हे सांगितल्याशिवाय तो आकडा पुरा होत नाही.

आता जरा अवघड भागाकडे येतो.

जिथे औद्योगिक वसाहत शेजारी आहे तिथे पाणी काळं दिसलं की बोट लगेच कारखान्याकडे जातं. कधी ते बरोबर असतं, कधी नसतं. घरगुती सांडपाणी सुद्धा साचून, कुजून काळं होतं आणि घाण वास मारतं. विद्यार्थी विशीतले असतात, रक्त गरम असतं. हातात नमुन्याची बाटली आणि खिशात फोन. दहा मिनिटांत फोटो सगळीकडे जाऊ शकतो. तिथे मी नियम घातला आहे: आधी पुरावा म्हणजे काय ते शिकायचं, मग बोलायचं. कुजू शकणारा भाग आणि एकूण रासायनिक भार यांचं गुणोत्तर काढा. घरगुती सांडपाण्यात ते एका ठरावीक पल्ल्यात असतं, खूप कमी आलं तर न कुजणारं काही तरी मिसळतंय असा संशय घेता येतो. संशय, सिद्धता नव्हे. वरच्या बाजूला जा, दर फाट्यापाशी नमुना घ्या, बदल नेमका कुठे होतो ते शोधा. तीन वेगवेगळ्या दिवशी, तीन वेगवेगळ्या वेळी.

आणि कायदाही शिका. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण कायद्याच्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यायचा ते दिलं आहे. मंडळाच्या अधिकाऱ्याने नोटीस द्यायची, जागेच्या ताबेदाराच्या समोर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करायचे, सह्या घ्यायच्या. आमच्या बाटलीला कोर्टात किंमत नाही. मग काय उपयोग, असं मुलं विचारतात. उपयोग हा की आम्ही तक्रार करत नाही, नेमका प्रश्न विचारतो. 'तळं घाण झालंय' या अर्जाला उत्तर देणं सोपं असतं. 'या पुलाच्या वरच्या बाजूला ही चाचणी इतकी, खालच्या बाजूला तितकी, तीन दिवस तीन वेळा. मधे हा एक फाटा येऊन मिळतो. कृपया अधिकृत नमुना घ्यावा' या अर्जाला उत्तर देणं तितकं सोपं नसतं. अभियंत्याने नागरिक म्हणून कसं वागायचं, याचा दुसरा धडा माझ्याकडे नाही.

पण सगळ्यात अवघड प्रश्न कारखान्याचा नसतो. तो एखाद्या अज्जीचा असतो.

मुलं घरोघरी जाऊन पाण्याच्या वापराची माहिती घेत होती. जुन्या वस्तीतल्या एका अज्जींनी बोअरचं पाणी आणून पुढ्यात ठेवलं. एका मुलाने खिशातलं टीडीएस मीटर बुडवलं, आकडा मर्यादेच्या आत आला. अज्जींनी विचारलं, "मगा, कुडियबहुदा?" म्हणजे, बाळा, पिता येईल का? मुलगा 'हो' म्हणणार एवढ्यात शेजारची मुलगी म्हणाली, "अज्जी, हे यंत्र फक्त क्षार मोजतं. जंतू याला कळत नाहीत. आम्ही बाटली भरून नेतो, तपासून सांगतो. तोवर पाणी उकळून प्या." मग तिने माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "सर, पण नायट्रेट असेल तर?"

मंडळी, हा प्रश्न सोन्यासारखा आहे. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते थोडं वाढतं. शोषखड्डे आणि बोअर जवळजवळ असलेल्या जुन्या वस्तीत दोन्हींची शक्यता असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. लहान बाळाच्या दुधात असं पाणी गेलं तर ते धोक्याचं. म्हणून आम्ही अज्जींना दुसरा प्रश्न विचारला, घरात तान्हं मूल आहे का? नव्हतं. शेजारच्या घरात होतं. त्या घरी सांगितलं, तपासणी होईपर्यंत बाळासाठी नळाचं पाणी वापरा, तेही उकळून.

त्या दिवशी मुलांना कळलं की 'पिऊ की नको' या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात नसतं. कोण पिणार, किती दिवस, दुसरं पाणी आहे का, हे सगळं त्यात येतं. आणि एक गोष्ट मी त्यांच्याकडून लिहून घेतो: नमुना घेतला तर निकाल त्या दारात जाऊन सांगायचाच. चांगला असो, वाईट असो, कन्नडमध्ये, समजेल अशा शब्दांत. लोकांकडून पाणी घ्यायचं, माहिती घ्यायची, त्यावर आपले गुण मिळवायचे आणि परत तोंड दाखवायचं नाही, हा व्यवहार प्रामाणिक नाही.

इथे भूगर्भाचाही धडा मिळतो. आपल्याकडे बहुतेक महाराष्ट्रात बेसाल्टचा खडक, इथे जुना नाइस. दोन्ही कठीण. पाणी खडकात मुरून राहत नाही, वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांमध्ये राहतं. जमिनीवरचं पाणी उताराने जातं, भेगेतलं पाणी भेगेने. त्यामुळे तळ्याच्या खालच्या बाजूचं बोअर बाधित आणि वरचं सुरक्षित, असं नेहमीच नसतं. पहिल्या फेरीत काढलेले बाण इथे अपुरे पडतात, आणि ते अपुरे पडताना पाहणं हेही शिक्षणच.

आता आक्षेप. सगळ्यात मोठा वेळेचा. अभ्यासक्रम कसा पुरा होणार? तर हे आमच्या पदरचं खूळ नाही. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सर्व पातळ्यांवर द्यावं असं सांगितलं. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांसाठी जो सक्तीचा अभ्यासक्रम आणला, त्याचं पाठ्यपुस्तक आपल्या पुण्याच्या डॉ. इराक भरुचांनी लिहिलं. त्यात शेवटचं प्रकरण क्षेत्रभेटीचं होतं. ५० व्याख्यानांपैकी ५ त्यासाठी आणि १०० पैकी २५ गुण. नदी, टेकडी, प्रदूषित जागा, तळं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. जागा दिलेली होती. पुष्कळ ठिकाणी ती एका बसच्या सहलीने आणि इंटरनेटवरून उतरवलेल्या अहवालाने भरली गेली. आम्ही फक्त ती जागा खरी करतो.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो रास्त आहे. कोणी गटारात उतरायचं नाही, चेंबरचं झाकण उघडायचं नाही, हातमोज्यांशिवाय नमुना घ्यायचा नाही, पुराच्या पाण्याजवळ जायचं नाही. बादली दोरीने सोडायची. यात तडजोड नाही. आणि हे नियम सांगताना, या देशात माणसांना अजूनही त्याच चेंबरमध्ये उतरवलं जातं आणि ती तिथे गुदमरून मरतात, हेही सांगायचं. आपण काठावर उभे राहून मोजतो ही सवलत आहे.

तिसरा आक्षेप, याने नोकरी मिळते का? याला मी एका माणसाचं नाव घेऊन उत्तर देतो. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. म्हैसूरचे, पण पुण्याच्या सायन्स कॉलेजात अभियांत्रिकी शिकले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात पंचवीसेक वर्षं राबले. खडकवासल्याच्या सांडव्यावरून पुराचं पाणी दर वर्षी वाहून जात होतं. त्यासाठी त्यांनी आपोआप उघडणारी दारं योजली, ती १९०३ मध्ये तिथे बसली. धरणाची भिंत न उंचावता जास्त पाणी साठू लागलं. तीच कल्पना पुढे म्हैसूरजवळच्या कृष्णराजसागरावरही आली. ते दार एका विशिष्ट सांडव्याच्या विशिष्ट अडचणीतून जन्मलं. आपली मुलं विश्वेश्वरय्यांची जयंती अभियंता दिन म्हणून साजरी करतात, फोटोला हार घालतात. त्या दिवशी सांडवा बघायला नेलं तर जास्त बरं.

महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे नावाच्या अभियंत्याने पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मालकीवर नव्हे तर घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचं, हा विचार मांडला. हिवरेबाजारला गावकरी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. आयआयटी मुंबईचं १९८५ साली सुरू झालेलं 'सितारा' केंद्र विद्यार्थ्यांना गावात पाठवून तिथल्या प्रश्नांवर काम करायला लावतं, आणि ते काम अभ्यासक्रमात मोजलं जातं. म्हणजे अभियंता पाणलोटात शिकू शकतो, आणि गावाला गणित शिकवू शकतो, हे आपण पाहिलेलं आहे.

तुम्ही बेळगावात असाल, इंदूरला असाल, बडोद्याला, हैदराबादला किंवा गोव्यात, तुमच्याजवळ एक ओढा आहे. त्याला लोक कदाचित नाला म्हणत असतील. शिक्षक असाल तर एका सत्रात चार फेऱ्या करा: एक चालण्याची, एक मोजण्याची, एक पहाटेची आणि चौथी निकाल घेऊन त्याच दारांत परत जाण्याची. पालक असाल तर सुट्टीत मुलांना घेऊन घरासमोरच्या गटाराचं पाणी कुठे जातं ते जिथवर दिसेल तिथवर बघून या. जिथे वाट हरवेल ती जागा वहीत टिपून ठेवा. पालिकेला पहिला प्रश्न त्याच जागेबद्दल विचारा.

आमची यंदाची चौथी फेरी अजून व्हायची आहे. निकालाचे कागद कन्नडमध्ये लिहायचं काम चालू आहे, आणि 'नायट्रेट'ला सोपा शब्द कोणता यावर मुलांत वाद पेटला आहे. तुमच्याकडे मराठीत एखादा चांगला शब्द असेल तर कळवा.